जुन्या ऑक्टाव्हिया आरएसला आधी रबर हवं, ताकद नंतर

जुनी टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेली) सेडान घेऊ पाहणाऱ्या तरुण पोरांमध्ये सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. थोडक्यात तो असा: स्वस्तात जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस उचला. रीमॅप मारा, म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदला, कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (दाबलेली हवा फुस्सकन बाहेर सोडणारा) लावा, इंजिन जुनं म्हणून जाड ऑइल टाका, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवा. टायमिंग बेल्ट आवाज आल्यावर बघू, कूलंटऐवजी पाणी चालतं. सगळं घरीच होतं, आणि १५० अश्वशक्तीची गाडी १९० ची होते.

ही गाडी मला मनापासून आवडते. २००४ साली ती भारतात आली, तेव्हा १.८ लिटरचं, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेलं टर्बो पेट्रोल इंजिन इथल्या रस्त्यावर फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. शेंद्र्याच्या कारखान्यातून निघालेल्या ऑक्टाव्हिया मराठवाड्यात आणि पुण्यात अजून चालताना दिसतात. असल्या सल्ल्यांनी त्यातली एकेक गाडी बाद होतेय, म्हणून या मजकुराला मुद्देसूद उत्तर देतोय.

“रीमॅप मारला की १९०.” आधी तुमची गाडी आज मूळचे १५० तरी देते का, ते बघा. वीस वर्षांत लोखंड फारसं बिघडत नाही, रबर मरतं. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली क्रँककेसची वाफ ओढणारे पाईप असतात. ते तेलाने फुगतात आणि बोट लावलं तरी फाटतात. टर्बोची जास्तीची हवा परत वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या आतला पडदा चिरतो. टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या होजवरचे क्लॅम्प सैल पडतात. याचा परिणाम असा की एअर फिल्टरपाशी बसलेला सेन्सर एक हवा मोजतो आणि सिलिंडरमध्ये दुसरीच पोचते. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जमेल तितकं सांभाळून घेतो, म्हणून बिघाड चटकन कळत नाही. गाडी “जरा सुस्त झाली” एवढंच वाटतं.

हे घरी तपासता येतं, आणि या मजकुरातली घरी करण्याजोगी पहिली गोष्ट हीच असायला हवी होती. व्हीसीडीएससारखं डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर आणि केबल घ्या. इंजिन पूर्ण तापवा आणि मेजरिंग ब्लॉक ०३२ उघडा. ईसीयू पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय, ते तिथे दिसतं: पहिला आकडा आयडलचा (गाडी उभी, इंजिन चालू), दुसरा चालत्या लोडचा. आयडलचा आकडा अधिक बाजूला बराच सरकलेला आणि लोडचा शून्याजवळ असेल, तर इनटेकमध्ये न मोजलेली हवा शिरतेय. उलट लोडचाच आकडा अधिक बाजूला चढला असेल, तर हवेचा सेन्सर कमी मोजतोय किंवा पेट्रोलचा पुरवठा अपुरा पडतोय, असा संशय घ्या. टर्बो आणि थ्रॉटलमधला पाईप फुटला असेल तर मोजलेली हवा बाहेर जाते, मिश्रण दाट होतं आणि जोरात दाबल्यावर मागून काळा धूर येतो. या अवस्थेत रीमॅप केला तर टर्बो गळकी हवा भरून काढायला आणखी वेगाने फिरतो. वीस वर्षांच्या बेअरिंगला ते मानवत नाही.

“युरोपात हेच इंजिन १८० देतं, आपल्याकडे सॉफ्टवेअरने दाबलंय,” हेही सोबत सांगितलं जातं. युरोपातली आरएस १८० ची होती हे खरं, पण तिचा टर्बोही निराळा होता. फक्त सॉफ्टवेअरचा फरक असल्यासारखं सांगणं चूक आहे.

“कोन फिल्टर आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावा.” यातून आवाज मिळतो. मूळ एअरबॉक्स बाहेरची थंड हवा घेतो, उघडा कोन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. एप्रिलच्या उन्हात संभाजीनगरच्या ट्रॅफिकमध्ये ती किती तापते, हे बॉनेट उघडून हाताला कळेल. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह तर या इंजिनाच्या रचनेशीच जुळत नाही. आधीच मोजून झालेली हवा तो वातावरणात सोडतो, ईसीयू मात्र तिच्या हिशेबाने पेट्रोल देऊन मोकळा होतो. दर गिअर बदलताना मिश्रण दाट होतं, आणि त्याचा मार शेवटी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर पडतो. पैसे खर्चायचेच असतील तर बॉशचा ७१० एन डायव्हर्टर व्हॉल्व्ह बसवा. तो हवा परत टर्बोच्या तोंडाशीच नेतो आणि मूळ व्हॉल्व्हपेक्षा टिकाऊ असतो. दोन क्लॅम्प आणि एक व्हॅक्यूम पाईप, एवढंच काम.

“इंजिन जुनं, जाड ऑइल टाका.” या मजकुरातला सगळ्यात घातक सल्ला हाच. २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल टाकल्यावर टकटक कमी ऐकू येते, म्हणून लोकांना ते पटतं. पण या टर्बोला ऑइल पोचवणारी नळी बारीक आहे आणि तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या शेजारून जाते. साधं ऑइल तिथे जळून कोळशासारखं चिकटतं. उरलेलं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीत, गाळ होऊन बसतं आणि ऑइल पंपाची जाळी बुजवतं. ही शंका काढून भीती घालणं नव्हे. याच १.८ टर्बोच्या पसाट आणि आउडी ए४ मधल्या रूपात गाळाच्या इतक्या तक्रारी आल्या की २००४ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगन-आउडीला त्यासाठीची वॉरंटी आठ वर्षांपर्यंत वाढवावी लागली. ऑक्टाव्हियात इंजिन आडवं बसतं आणि ऑइल जास्त मावतं, त्यामुळे धोका कमी आहे. संपलेला नाही.

डब्याच्या मागे फोक्सवॅगनचं ५०२.०० हे मानक छापलेलं पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४० घ्या आणि सात-आठ हजार किलोमीटरला बदला. आधीच्या मालकाने काय ओतलंय ते माहीत नसेल, तर डिझेल किंवा रॉकेल टाकून “फ्लश” मुळीच करू नका. सुटलेला गाळ थेट जाळीत जाऊन बसतो. चेंबर उतरवा, जाळी डोळ्यांनी बघा, धुवा किंवा बदला, आणि टर्बोची ती नळीही नवी टाका. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर त्याच जागी इंजिन बंद करायचं. पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ, असं म्हणणाऱ्यांची इंजिनं गेलेली आहेत.

“बेल्ट आवाज आल्यावर बघू.” टायमिंग बेल्ट आवाज न करता तुटतो. या इंजिनात तो तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उघडावं लागतं. त्या बिलात गाडीची आजची निम्मी किंमत सहज निघून जाते. वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. काही पंपांचा आतला पंखा प्लास्टिकचा असतो, तो वयाने तडकून फिरायचा थांबतो. म्हणून बेल्ट, रोलर, टेन्शनर, हायड्रॉलिक डॅम्पर आणि धातूच्या पंख्याचा पंप हे सगळं एकाच वेळी बदलायचं. आधीच्या मालकाकडे बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून चाला. गाडी कमी फिरली असली तरी पाच वर्षांनंतर मी त्यावर भरवसा ठेवणार नाही.

“पाणी चालतं.” कोकणात उतरताना होज फुटला तर गॅरेजपर्यंत पोचायला चालतं. एरवी गंज धरतो, आणि पाणी लवकर उकळतं. गुलाबी जी१२ कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घाला. त्यात जुन्या प्रकारचं निळं-हिरवं कूलंट मिसळू नका. टाकीत तपकिरी रंग दिसला तर कुणीतरी ते आधीच केलंय, सगळी सिस्टिम धुवून काढा.

“स्प्रिंगा कापा.” कापलेली स्प्रिंग पूर्ण सुटल्यावर आपल्या जागी घट्ट बसत नाही, आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिच्यासाठी बनवलेला नसतो. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना तपासणी असते, तिथेही ही गाडी अडकेल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत असे बदल करता येणार नाहीत, असं म्हटलंय. पुढच्या कंट्रोल आर्मचे बुश, स्ट्रट माउंट आणि चांगले शॉक टाका. गाडी वळणात पुन्हा नव्यासारखी चिकटून जाते, आणि हा फरक रीमॅपपेक्षा रोज जाणवतो. त्याच वेळी ब्रेक ऑइलही बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी नवं डॉट ४ घालायचं. घाटात पेडल मऊ पडतं त्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

“सगळं घरी होतं.” पुष्कळसं होतं. ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, व्हॅक्यूमचे पाईप, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, ब्रेक पॅड ही कामं टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) आणि दोन मजबूत जॅक स्टँड असतील तर कुणीही शिकू शकतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणीही जाऊ नये, एका मिनिटासाठीही नाही. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला आवळा, पायाने पान्यावर उभं राहून नव्हे. बेल्टचं काम पहिल्यांदा या इंजिनाची सवय असलेल्या मेकॅनिकसोबत उभं राहून बघा. तो टायमिंगच्या खुणा कशा जुळवतो, डॅम्पर व्हाइसमध्ये किती सावकाश दाबतो आणि शेवटी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा का तपासतो, ते विचारून घ्या. हे न विचारता सुरू केलेली कामं अर्धवट सुटलेल्या इंजिनानिशी टोइंगवरून गॅरेजात येतात.

रीमॅप यानंतर. ०३२ चे दोन्ही आकडे शून्याच्या आसपास आले, ऑइल स्वच्छ आहे, बेल्टचं बिल तुमच्या नावावर आहे, तेव्हा गाडी एकदा डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, घाला. बऱ्याच जणांना तिथे कळेल की गाडीत जी ताकद कमी वाटत होती ती एका फाटक्या पाईपातून जात होती, आणि ती आता परत आलेली आहे.