मोठी पुडी, लिटरभर पाणी

सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडणाऱ्या फ्लोरिझिनसारखी द्रव्यं आतड्यातली सोडियमवर चालणारी ग्लुकोजची वाहतूक, म्हणजे सोडियमच्या जोडीनं ग्लुकोज आतड्यातून शरीरात शिरणं, कशी अडवतात, ते तुमच्या लेखात छान आलंय. पण याच वाटेवर ओआरएस, म्हणजे जुलाबात पाजायचं मीठ-ग्लुकोजचं पाणी, चालतं, तेही यायला हवं होतं. ग्लुकोजचा एक रेणू सोडियमचे दोन आयन घेऊन आत शिरतो, मागोमाग पाणी. कॉलऱ्यातही ही वाट बंद होत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांमध्ये, डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच जोरावर कितीतरी जीव वाचवले.

आमच्या परभणीकडं उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की लेकरांना जुलाब लागतातच. परवा शेजारच्या वहिनींनी ओआरएसची लिटरभर पाण्यासाठीची अख्खी पुडी पेलाभर पाण्यात कालवली होती. लेकराचे ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. अहो, इतकं घट्ट पाजलं तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं! ते ओतून दिलं, उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात नवी पुडी कालवली अन् चमच्याचमच्यानं पाजत बसलो.