तीन दिवसांत रडणं थांबलं म्हणजे लेकरू रुळलं, हे कोणी ठरवलं?

बायांच्या ग्रुपवर फिरणारा तो मेसेज परवा माझ्या धाकट्या जावेच्या फोनवरही येऊन पडला. तिचं पोरगं दोन वर्षांचं. कापूस फुटला, वेचाईला जायचं आहे, सासूबाईंचे गुडघे चालत नाहीत, म्हणून पोराला तालुक्याच्या प्ले स्कूलमध्ये टाकायचं घरात चाललं आहे. मेसेज म्हणतो: लेकराचं लक्ष नसताना गुपचूप निघून या, तीन दिवस रडेल, चौथ्या दिवशी रुळेल, या वयातलं काही आठवत नसते, आजीजवळची पोरं मागे पडतात, अंगणवाडीत फक्त खिचडी मिळते. जाऊ विचारते, "ताई, असंच करतात का हो?"

नाही, असं करत नाहीत. गुपचूप निघून येणं तर मुळीच नाही. दोन वर्षांच्या लेकराला घड्याळ कळत नाही. खेळता खेळता मान वर केली आणि माय नव्हती, एवढंच कळतं. मग ते घरीही पदर सोडत नाही, माय पाणी भरायला उठली तरी मागे पळतं. घरचे म्हणतात, पोरगं हट्टी झालं!

आणि रडणं थांबलं की रुळलं? इंग्लंडात जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या नवरा-बायकोनं आईपासून दूर राहिलेल्या लेकरांचं बारकाईनं चित्रण केलं. 1969 च्या त्यांच्या एका फिल्ममध्ये 17 महिन्यांचा मुलगा आहे. आई बाळंतपणाला गेली, म्हणून त्याला 9 दिवस निवासी बालगृहात ठेवलं. तिथल्या नर्स वाईट नव्हत्या, पण कोणत्या लेकराला कोणी पाहायचं हे ठरलेलं नव्हतं. तो एकीला बिलगायला जायचा, ती कामाला निघून जायची, मग दुसरीकडे. शेवटी त्यानं माणसांचा नाद सोडला, मोठ्या टेडीला कवटाळून पडून राहू लागला, खाईना. आई न्यायला आली तर तिच्याकडेही जाईना. दवाखान्यात भरती झालेल्या मुलांमध्येही रॉबर्टसननं तेच पाहिलं होतं. रडून गप्प झालेल्या लेकराला तिथले लोक 'रुळलं' म्हणत, आणि त्यानं तर आशा सोडलेली असे.

9 दिवस-रात्री आणि दिवसाचे पाच-सहा तास सारखे नव्हेत, हे मला मान्य आहे. संध्याकाळी आपलं पोरगं आपल्या कुशीत असतं. पण रमलेलं लेकरू ओळखायची खूण तीच. ते खेळतं, खातं, पडलं तर तिथल्या बाईकडे हात पसरतं. कोपऱ्यात मुकाट बसणाऱ्याला 'शहाणं' म्हणू नका. म्हणून शाळेत भिंतीवरची चित्रं पाहण्याआधी विचारा, माझ्या लेकराला रोज कोण घेणार? तीच बाई असेल का?

एक अर्धं खरं कबूल करावं लागतं. दारात उभं राहून निरोप लांबवला, मायच रडायला लागली, की लेकरू जास्त घाबरतं. निरोप छोटाच हवा, पण तो घ्यायला हवा. "झोपून उठला की मी येते" म्हणायचं आणि तेव्हा खरंच यायचं. आधीचे काही दिवस मायनं किंवा आजीनं तिथं बसायचं, मग थोडा थोडा वेळ वाढवायचा. घरच्यांना आत बसूच न देणाऱ्या शाळेत मी तरी पोरगं टाकणार नाही.

आठवत नसते म्हणे! मग सुई टोचणाऱ्या नर्सताईला पाहून पोरगं पुढच्या खेपेला दारातूनच का रडतं?

आजीबद्दल काय बोलावं. गोष्टी सांगणारं, बोबडे बोल समजून घेणारं ओळखीचं माणूस जवळ असताना लेकरू मागे कसं पडेल? आमच्या घरी अडचण गुडघ्यांची आहे. त्याला शेजारच्या काकूंची अर्धा दिवस मदत मागता येते.

राहिली अंगणवाडी. काही वर्षं अमरावतीत संसार केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी-कोसबाडला लेकरांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली, तिथली ही कल्पना. 3 ते 6 वर्षांच्या लेकरांना तिथं खेळ, गाणी, शिक्षणही मिळायला हवं, नुसती खिचडी नव्हे. पण ती दुपारपर्यंतच चालते आणि तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा आहारच मिळतो. वेचाईचा दिवस त्यात मावत नाही, ही तक्रार खरी आहे. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढता येतं, सहा महिन्यांच्या लेकरापासून. आमच्या गावात ते नाही. येत्या ग्रामसभेत आम्ही दोघी जावा त्याचा अर्ज देणार आहोत. ज्यांची लेकरं लहान आहेत त्या बायांनी सही करायला यावं.