पहिली गाडी आली ते ठाणं, पण संग्रहालय?

दिवाळीच्या सुट्टीत बाबांना आणि लेकीला घेऊन मुंबईच्या आणिक डेपोतलं बेस्टचं, म्हणजे शहराच्या बससेवेचं, संग्रहालय पाहून आले. बाबा तेहतीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर होते. आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं ते एक अक्षर बोलले नाहीत.

लेकीला घोड्यांच्या ट्रामचं नवल. १८७४ साली सुरू झालेली, मग १९०७ पासून विजेवर. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली तेव्हा बाबा चौदा वर्षांचे होते. तिकिटांच्या जुन्या पेट्यांपाशी मात्र त्यांना कंठ फुटला. घंटेचा एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. डबलडेकरला वर एक कंडक्टर, खाली एक. वरचा माणूस उतरतोय हे खालच्याला कळलं नाही तर जिवाशी गाठ! काचेआडच्या तिकीट टोचायच्या पंचाकडे बोट दाखवून ते हाताने हवेत तिकीट टोचून दाखवत होते. लेक म्हणाली, "आजोबा, आवाज कसा यायचा?" बाबांनी तोंडाने "टिक टिक" केलं आणि आजूबाजूची चार माणसं येऊन उभी राहिली.

तिथे नुसत्या वस्तू असत्या तर पाऊण तासात बाहेर पडलो असतो. अडीच तास थांबलो.

परतताना ठाणे स्टेशनवर उतरले आणि मनात तेच घोळत राहिलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून चौदा डबे आणि चारशे प्रवासी घेऊन गाडी निघाली ती याच ठाण्याला. चौतीस किलोमीटर. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल बांधून रूळ कल्याणला पोचले. आता बुलेट ट्रेनचा बोगदा याच खाडीखालून जाणार आहे, पाण्याखाली सुमारे सात किलोमीटर. पहिली गाडी आणि बुलेट ट्रेन, रेल्वेच्या गोष्टीची दोन्ही टोकं आपल्याच गावात. याची गोष्ट सांगणारं मोठं संग्रहालय ठाण्यात हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं. इंजिनं ठेवा, मॉडेलं ठेवा, पण त्याआधी माणसांचे आवाज जपा. निवृत्त मोटरमन, रुळांची देखभाल करणारे गँगमन, गाडीचा रूळ बदलणारे पॉइंट्समन, एसटीचे चालक कळवा-कोपरीपासून बदलापूरपर्यंत घराघरात बसलेत. रात्री पावसात रूळ तपासताना हातोडीच्या आवाजावरून काय कळतं, हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही. बाबा आता पंचाहत्तरीचे झालेत.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर आजच मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. मी कालच सुरुवात केली. पहिल्या फाइलमध्ये बाबा एका मार्गाचे सगळे थांबे न अडखळता म्हणतायत, आणि मागे लेक दोन टोले देतेय.