तू नर्स आहेस, यात कशाला पडतेस

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर नेहमीचं फॉरवर्ड आलं, एकदाच काय तो अणुबॉम्ब टाका आणि विषय संपवा, खाली तीन झेंडे. मी नाईट करून आलेली, डोकं ठणकत होतं, गप्प झोपायचं सोडून लिहिलं की विषय संपत नाही ओ, आमच्याकडे स्ट्रेचरवर येतो. लगेच काकांचा मेसेज, "अगं तू नर्स आहेस, तुझं ड्रेसिंग बघ, या राजकारणात कशाला पडतेस."

बरं काका, ड्रेसिंगचंच बोलू.

मी बर्न्स वॉर्डला आहे, अकरा वर्षं झाली. चौदा बेड, त्यात सहसा सोळा-सतरा पेशंट. ४० टक्के भाजलेला ५० किलोचा माणूस आला तर पहिल्या चोवीस तासांत त्याला साधारण ८ लिटर आरएल (रिंगर लॅक्टेट, शिरेतून द्यायचं सलाईन) लागतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या १६ बाटल्या, त्यातल्या आठ भाजल्यापासून पहिल्या आठ तासांतच जायला हव्यात. हा हिशोब आम्हाला झोपेतही येतो, वजन गुणिले टक्के गुणिले चार, इतके मिली. आणि ड्रेसिंग म्हणजे नुसती पट्टी बदलणं नाही, आधीची पट्टी सलाईनने भिजवत भिजवत सोडवायची, घाई केली की खालच्या नव्या कातडीसकट येते, मग धुवायचं, एसएसडी (भाजल्यावरचं मलम) लावायचं, परत गुंडाळायचं, दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉय मामा मिळून एका पेशंटला दीड-दोन तास. मागे एक एकोणीस वर्षाचा पोरगा होता, हॉटेलात तेलाची कढई अंगावर सांडलेली. आम्ही ट्रॉली घेऊन वॉर्डात शिरलो की चाकांच्या आवाजानेच तो उशीचं टोक तोंडात धरायचा. एकटा पोरगा, ३५ टक्के, आणि त्याच्यासाठी सगळा वॉर्ड दोन महिने राबला.

आता हेच शहरभर करून बघा. हजार पेशंट म्हणजे पहिल्याच दिवशी सोळा हजार बाटल्या. लावणार कोण ते पुढचं.

हिरोशिमात नेमकं हेच झालं. ६ ऑगस्ट १९४५ ला शहरात १७८० नर्सेस होत्या, त्यातल्या १६५४ मेल्या किंवा कामाच्या राहिल्या नाहीत. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्या ड्युटी लिस्टकडे बघत होते, आणि मनातल्या मनात एकेक नाव खोडत गेले, बाकीच्या आकड्यांचं माझं असं कधी होत नाही. रेड क्रॉसच्या दवाखान्यात एक सर्जन चष्मा फुटला म्हणून दुसऱ्याचा चष्मा घालून दिवसरात्र टाके घालत राहिला. बाहेरून मदत म्हणून स्वित्झर्लंडचे डॉक्टर मार्सेल जुनो १५ टन औषधं घेऊन पोचले तेव्हा सप्टेंबर उजाडलेला, म्हणजे महिना उलटून गेलेला. त्या वर्षाअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. आणि त्यात अशीही होती ज्यांच्या अंगावर ओरखडा नव्हता, दोन-तीन आठवड्यांनी केस गळायला लागले, हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे ठिपके, आणि डॉक्टरांना कळेना हा कुठला रोग. दवाखान्याच्या तळघरात ठेवलेल्या एक्स-रे फिल्म वापरायच्या आधीच खराब झालेल्या होत्या, त्यावरून अंदाज आला की हे बॉम्बच्या किरणांचं काम.

रेबीज आठवा. एकदा लक्षणं दिसली की आम्ही हात जोडतो, म्हणून तर कुत्रं चावल्या चावल्या इंजेक्शनसाठी मागे लागतो. ज्याला उपचार नाही ते आधीच रोखायचं, पहिल्या वर्षाच्या पोरीपण हे परीक्षेत लिहितात. अणुबॉम्बविरुद्ध बोलणारे डॉक्टर एवढंच बोलतायत हो, दुसरं काही नाही. त्याला राजकारण म्हणायचं तर पोलिओचा डोसपण राजकारणच.

१९८० मध्ये बर्नार्ड लाऊन नावाचे अमेरिकन हार्टचे डॉक्टर (शॉक देऊन हृदय ठिकाणावर आणायचं मशीन आपण वापरतो ना, त्यामागे यांचं मोठं काम आहे) आणि रशियाचे येवगेनी चाझोव, तेपण हार्टचेच आणि तिथले तेव्हाचे सर्वोच्च नेते ब्रेझनेव यांचे डॉक्टर, या दोघांनी मिळून अणुयुद्ध रोखण्यासाठी डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना काढली. तेव्हा दोन्ही देश एकमेकांवर हजारो बॉम्ब रोखून बसलेले. १९८५ ला संघटनेला शांततेचं नोबेल मिळालं, आणि ओस्लोला बक्षिसाच्या आदल्या दिवशी प्रेस कॉन्फरन्स चालू असताना एक रशियन पत्रकार छातीत कळ येऊन कोसळला, तर हे सगळे डॉक्टर खुर्च्या सोडून धावले, अमेरिकन काय आणि रशियन काय, आळीपाळीने छाती दाबत बसले आणि माणूस वाचवला. मला ही गोष्ट त्या नोबेलपेक्षा जास्त आवडते. सगळे काही धुतल्या तांदळाचे नव्हते बरं का, चाझोवनी आधी साखारोव (सरकारविरुद्ध बोलणारे रशियन शास्त्रज्ञ) यांच्या विरोधातल्या पत्रावर सही केलेली, त्यावरून बराच गदारोळ झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही.

आणि बोलून काय होतं म्हणता, तर दातांची गोष्ट ऐका. आपण पोरांचा दुधाचा दात कौलावर फेकतो. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९५८ च्या शेवटापासून आयांनी हे दात पाकिटात घालून तपासणीसाठी पाठवायला सुरुवात केली, लुईस राईस नावाच्या डॉक्टरीणबाई ते काम बघायच्या. तेव्हा बॉम्बच्या चाचण्या उघड्यावर व्हायच्या, त्यातलं स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सर्गी द्रव्य पावसाबरोबर गवतावर, गवतातून गाईच्या दुधात, आणि शरीराला ते कॅल्शियमसारखंच वाटतं म्हणून थेट बाळाच्या हाडात. तीन लाखांवर दात जमले आणि हे स्ट्रॉन्शियम त्या दातांत सापडलं, चाचण्या वाढल्या तसं वाढलेलं. १९६३ ला हवेतल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला, भारतानेही सही केली. एकट्या दातांनी करार झाला असं मी म्हणणार नाही, पण आपल्या पोराच्या तोंडातल्या गोष्टीवर आई गप्प बसत नाही, पुढाऱ्यांना ते नेमकं कळतं.

मग काका म्हणाले, "पाकिस्तानकडे आहेत, चीनकडे आहेत, आपण काय गंगेत सोडायचे का?" नाही ओ, एकट्याने टाका असं मीपण म्हणत नाही. २०१७ ला अणुबॉम्बवरच बंदीचा करार झाला, १२२ देशांनी बाजूने मत दिलं, पण बॉम्बवाल्या नऊ देशांपैकी एकाचीही सही नाही, हे मला माहितीये. माझं भांडण "टाका आणि विषय संपवा" या वाक्याशी आहे. भारत-पाकिस्तानात मर्यादित म्हणतात तसलं युद्ध झालं तरी जळत्या शहरांचा काळा धूर वर जाऊन वर्षानुवर्षं ऊन अडवेल, पिकं बुडतील, आणि दोन अब्जांवर माणसं उपासमारीने मरू शकतात असं २०२२ च्या एका अभ्यासात आहे. म्हणजे ज्याला बॉम्ब कुठे पडला हेपण माहीत नाही तोसुद्धा. २०२५ च्या मे महिन्यात मॉक ड्रिलचा भोंगा वाजला तेव्हा ग्रुपवरचे हेच सगळे शूरवीर मला विचारत होते, घरात काय काय औषधं ठेवू गं.

आम्ही सोलापूरची माणसं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याच गावचे, त्यांचं स्मारक दाखवायला पाहुण्यांना नेतो, फोटो काढतो. १९३८ ला पाच डॉक्टर चीनला गेले त्यातले ते एक, दुसऱ्याच्या युद्धात जखमींवर ऑपरेशनं करत करत १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्यांना कुणी म्हणालं असेल का, तू डॉक्टर आहेस, यात कशाला पडतोस? असेलही. घरोघरी काका असतातच.

काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही, ब्लू टिक आलीये. काकूने मात्र वेगळा मेसेज करून विचारलं, तो कढईवाला पोरगा कसा आहे. बरा आहे काकू, हात पूर्ण सरळ होत नाही, पण फॉलोअपला बाईक चालवत आला होता, ओरडले त्याला.

कालच्या इंडेंटला (स्टोअरकडे पाठवायची मागणी) आरएलच्या १०० बाटल्या लिहिल्या, आल्या ६०. कमेंटमध्ये भांडायचं असेल तर खुशाल भांडा, माझा ऑफ गुरुवारी आहे, उत्तर तेव्हाच मिळेल.