लिखापढी

मुलीला शाळेत घालताना आपण म्हणतो, चार अक्षरांची लिखापढी शिकेल. पढी यायला वेळ लागतो. लिखा मात्र पहिल्या घटक चाचणीच्या आधीच येतात.

आल्यात हे कळायलाही वेळ लागतो, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. ऊ चावते तेव्हा लगेच खाजत नाही. तिची लाळ कातडीला सहन होईनाशी झाली की खाज सुटते, आणि पहिल्यांदाच उवा झालेल्या पोरीला त्यासाठी चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे जूनमध्ये बाकावर शेजार जुळला आणि शिराळ्याच्या नागपंचमीच्या सुमारास बोटं डोक्यात गेली, तर पाहुणे महिनाभर मुक्काम ठोकून आहेत असं समजायचं. आपण तसं समजत नाही. आपल्याला वाटतं, गणितात अडली असेल म्हणून डोकं खाजवतेय. मग पोरगी रात्रभर तळमळते, सकाळी किरकिर करते, वर्गात पेंगते, बाई वहीवर ‘लक्ष नाही’ असा शेरा देतात आणि आपण मेडिकलमधून बुद्धिवर्धक सिरपची बाटली आणतो. उपाय योग्य जागेच्या अगदी जवळ असतो. फक्त कवटीच्या आत करायचा नसतो, बाहेर करायचा असतो.

दुसरा समज कोंड्याचा. याची परीक्षा फुकट आहे. पोरीला गॅलरीत उजेडाकडे पाठ करून बसवा, कानामागचे केस बाजूला करा आणि पांढरा ठिपका दिसला की फुंकर मारा. उडाला तर कोंडा. नाही उडाला तर दोन नखांत धरून ओढा. लीख केसाला एका अंगाने चिकटवलेली असते, खसखशीच्या दाण्याहून बारीक आणि लांबट. तिचा डिंक एवढा पक्का, की आपल्या घरातल्या रंगाच्या ठेकेदाराने तो वापरला असता तर भिंतीचे पोपडे निघाले नसते.

लीख दिसली म्हणून लगेच बोंब मारायची नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. जिवंत लीख टाळूपासून साधारण ६ मिलिमीटरच्या आत असते, कारण तिला डोक्याची ऊब लागते. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. तेव्हा दोन-तीन सेंटिमीटर खाली लटकलेली लीख म्हणजे रिकामं टरफल, जुन्या भाडेकरूने मागे टाकलेला माठ. खरा पुरावा एकच, चालती ऊ. ती तिळाएवढी, २ ते ३ मिलिमीटरची, सहा पायांची आणि उजेडाला पळणारी. म्हणून कोरड्या केसांत नुसतं बघून ती सापडत नाही. तिला फणीने गाठावं लागतं.

ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. तिला पंख नाहीत आणि उडीचे पायही नाहीत. सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल व्हायला १९२९ साल उजाडावं लागलं. उवांना दोन डोकी टेकली की पूल तयार. आणि पोरांची डोकी टेकवायची सोय आपणच पैसे मोजून करतो. विश्रामबागेकडे जाणाऱ्या रिक्षामामांच्या रिक्षात दप्तरांसकट दाटीवाटीने बसलेली पोरं, अबॅकसच्या क्लासात एका पाटीवर वाकलेली चौघं, स्नेहसंमेलनाला सगळ्या गवळणींत मिळून एकच गंगावन, आणि वाढदिवसाला एका मोबाईलवर ओणवी झालेली सात डोकी. मे महिन्यात तासगावच्या मामाकडे सगळी मावस-मामे भावंडं एका वाकळेवर ओळीने झोपतात. येताना पिशवीतून बेदाणे येतात आणि वेणीतून हे. मुलाचा सर्वांगीण विकास म्हणतात तो जिथं जिथं होतो, तिथं तिथं उवांचाही होतो.

आता घरगुती सल्ले. घरात ऊ सापडल्याची बातमी आत्तींच्या कानावर गेली की पहिल्यांदा हसू येतं. “आमच्या डोक्यात काय कमी होत्या?” मग उपाय सुरू होतात. खोबरेल चोपडा म्हणतात. त्याने वाईट काही होत नाही, उवा जरा सुस्तावतात आणि फणी नीट फिरते. पण तेल पिऊन ऊ मरते या भरवशावर राहू नका. पाण्यात तर ती तासन्‌तास तग धरते, त्यामुळे सुट्टीत नदीत मनसोक्त डुंबवून आणलेली पोरगी स्वच्छ होऊन येते आणि उवाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या मानांकनात उवांचा उल्लेख नाही. हळद लावली तर पिवळ्या उवा मिळतील.

पण काही उपायांवर विनोद करायचा नाही. सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावतात, ती घामाबरोबर किंवा धुताना डोळ्यात उतरली तर बुबुळाला इजा होते, डोळा लालबुंद होऊन उघडता येत नाही. असले पेशंट डोळ्यांच्या डॉक्टरांना नवे नाहीत. रॉकेल पेट घेतं आणि कातडी भाजतं. झुरळांचा खडू पोरीच्या भांगातून फिरवणाऱ्याने आधी तो कशासाठी बनवलाय ते पाकिटावर वाचावं. तो विषारी आहे आणि ती झुरळ नाही.

मेडिकलमध्ये १ टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं. दोन महिन्यांखालच्या बाळाला ते लावायचं नाही, आणि पोर दोन वर्षांच्या आतलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही. लावायची रीत पाकिटात घडी घातलेल्या चिठोऱ्यावर असते, ती आपण चष्मा सापडत नाही म्हणून वाचत नाही. ती अशी: आधी साध्या शाम्पूने केस धुवायचे, कंडिशनर लावायचा नाही, कारण त्याचा थर बसला की औषध केसाला धरत नाही. टॉवेलने टिपून केस ओलसर ठेवायचे. मग लोशन मुळापासून टोकापर्यंत, विशेष करून कानांमागे आणि मानेच्या खळगीत. घड्याळ लावून १० मिनिटं. जास्त ठेवलं म्हणजे जास्त मरतात, हा हिशोब कुकरच्या शिट्ट्यांचा, इथला नाही. डोळ्यांवर कोरडा नॅपकिन धरायला लावायचा आणि मग न्हाणीत वाकवून धुवायचं, भर अंघोळीत अंगावरून वाहू द्यायचं नाही. त्यानंतर एक-दोन दिवस डोकं धुवायचं नाही. लांब, दाट केसांना एक बाटली पुरत नाही. आपण अर्धी उद्यासाठी राखतो, केस अर्धेच भिजतात आणि मग दोष औषधाला.

आठ-बारा तासांनी बघा. उवा मेल्या असतील किंवा झिंगल्यासारख्या चालत असतील तर औषध काम करतंय. पूर्वीसारख्याच लगबगीने पळत असतील तर तेच औषध पुन्हा थापू नका, डॉक्टरांना विचारून दुसरं घ्या.

इथपर्यंत सगळे येतात. हरतात ते कॅलेंडरवर. ऊ दिवसाला आठापर्यंत अंडी घालते आणि डोक्यावर महिनाभर जगू शकते. औषध चालत्या उवेला मारतं, अंड्यातल्या बऱ्याचशा पिल्लांना त्याचं सोयरसुतक नसतं. ती आठ-नऊ दिवसांत बाहेर पडतात आणि पुढच्या नऊ-बारा दिवसांत स्वतः अंडी घालायला तयार होतात. म्हणून दुसरा हात नवव्या दिवसाच्या आसपास. तिसऱ्या दिवशीच लावलात तर पिल्लं अजून अंड्यात आहेत. तीन आठवड्यांनी लावलात तर ती आई झालीत. शनिवारी पहिला हात दिला तर पुढच्या शनिवार-रविवारकडे बोट ठेवून कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, फुली मारा. त्या रविवारी नेमकं मिरजेला लग्न असतं. आपण म्हणतो, आता दिसत तर नाहीत, जाऊ दे. याच ‘जाऊ दे’वर उवांची पुढची पिढी वाढते.

औषध नको असेल, किंवा दिलंच असेल तरी, खरं काम फणीचं. कंगवा नव्हे, फणी. दातांत ०.३ मिलिमीटरहून जास्त फट नको. लोखंडी, लांब दातांची बरी, कारण प्लास्टिकचे दात दाट केसांत फाकतात आणि ऊ मधून निवांत निघून जाते. केस धुऊन ओले असतानाच भरपूर कंडिशनर चोपडायचा, औषध लावलं असेल तर न धुवायचे ते एक-दोन दिवस गेल्यावर. इथं तो हवाच, त्याने ऊ घसरते आणि तिला पळता येत नाही. आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढायचा. चिमटे लावून केसांचे चार भाग करायचे. मग एकेक बट घ्यायची, फणीचे दात टाळूला टेकवायचे आणि टोकापर्यंत एका दमात ओढायचं. प्रत्येक ओढीला फणी पांढऱ्या पंच्यावर पुसायची. पंचा पांढराच हवा, नाहीतर मोजदाद होत नाही, आणि मोजदाद नसेल तर या कामात काडीचा आनंद नाही.

“आई गं, दुखतंय!”

“मान खाली. हललीस तर परत पहिल्यापासून.”

“किती सापडल्या?”

“चार. आणि एक पिल्लू.”

“दाखव ना!”

पंच्यावरच्या पांढऱ्या फेसात तीळभर तपकिरी ठिपका पाय झाडत असतो. जरा वाकून बघितलं तर त्याच्या पोटात एक काळी रेघ दिसते. ते रक्त पोरीचं असतं, म्हणजे पर्यायाने आपण सकाळी बळेबळे भरवलेल्या नाचणीच्या सत्त्वाचं. मग अंगठ्याच्या नखावर दुसऱ्या अंगठ्याचं नख येतं आणि ‘टच्’ असा आवाज होतो. तो ऐकून, इतका वेळ मोबाईलचा उजेड धरून उभे असलेले वडील तोंड फिरवतात. तोच माणूस मटणाच्या दुकानात मान बघून घेतो.

आखूड केसांना १० मिनिटं, लांब केसांना अर्धा तास. असं पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी. सतराव्या दिवशी पुन्हा एकदा फिरवून बघायची, ऊ नाही तर सुटलात. एकाच दिवशी घरातली सगळी डोकी तपासायची, आत्तींचंसुद्धा, आणि वडील “माझ्या डोक्यावर आहेच काय” म्हणाले तरी उरलेल्या झालरीतून फणी फिरवायची.

याच्यापुढे घर धुऊन काढायची गरज नाही. डोक्यावरून पडलेली ऊ रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे, टॉवेल, रिबिनी गरम पाण्यात, फणी-कंगवे कढत पाण्यात १० मिनिटं, बास. गाद्या गच्चीवर नेऊन कंबर धरून घेऊ नका. डोक्यातल्या उवेने कुठला रोगही पसरत नाही, तेव्हा शाळा बुडवायचंही कारण नाही. टक्कल तर नकोच. पोरीला वर्गात नाव पडतं, ते केस वाढले तरी जात नाही.

उवा घाणेरड्या घरात होतात हा समज आणखी चिवट. उवेला केस धुतलेला आहे की नाही यात रस नसतो, उलट आपल्या हाताला स्वच्छ केस निसटतो तेवढंच. पण या समजापायी सगळं गुपचूप चालतं. पालकांच्या ग्रुपवर पृथ्वीच्या परिवलनाचा गृहपाठ, भडंगाची ऑर्डर, हरवलेली पाण्याची बाटली, रिक्षामामांची रजा, सगळं येतं. उवा हा शब्द येत नाही. फार तर ‘मुलींनी दोन वेण्या घालून येणे’ असा निरोप येतो, आणि तो वाचून जिला कळायचं तिला कळतं. आपण एकटे कॅलेंडर सांभाळून फणी फिरवतो, शेजारच्या बाकावरची आई तेच महिनाभर आधी किंवा नंतर करते आणि उवा दोन घरांत आलटून पालटून राहतात, जसं बदलीवरचं माणूस सांगली-मिरज करतं.

म्हणून पहिल्या शनिवारीच एक मेसेज टाकायचा. ग्रुपवर नव्हे, जिच्या पोरीशेजारी आपली पोरगी बसते तिला एकटीला. लिहायला दोन ओळी, पाठवायला पाऊण तास. “ताई, आमच्या हिच्या डोक्यात उवा सापडल्या. आज औषध लावतोय, परत पुढच्या रविवारी लावू. तुमच्या हिचंही बघून घ्या, म्हणजे एकदमच संपतील.”

दोन निळ्या रेघा लगेच उमटतात. उत्तर संध्याकाळी दिवेलागणीला येतं. “आमच्यात नाहीत हो कधी.” त्याखाली, सात मिनिटांनी: “औषध कुठलं आणलंत?” आणि रात्री साडेदहाला: “फणी लोखंडीच घ्यायची का?”