जहागीर कुणाचीच नाही

ताई, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. डोक्यावर पदर घेऊन सभा गाजवणारी बाई मला खुपते, तीही बायकांच्या ताकदीचंच बोलते, मग स्त्रीवाद काय माझ्या बापाची जहागीर आहे, असा तुमचा सवाल. नाही हो. वडिलांची जहागीर म्हणजे चार यंत्रमाग, तेही भंगारात गेले.

पदराबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. स्त्रीवादाला नावं ठेवायची नि त्याचेच शब्द वापरायचे, माझं बोट या उसनवारीवर होतं. १९८७ साली राजस्थानात देवराळ्याला रूपकुंवर नवऱ्याच्या चितेवर जळाली, तेव्हा सतीच्या बाजूने बायकांचेच मोर्चे निघाले. मागणी काय, तर सती जाण्याचा हक्क! ज्या चळवळीला नावं ठेवायची, तिच्याच घरून 'हक्क' हा शब्द नेला होता.

एका बाबतीत मात्र तुमचं खरं आहे: अशा बायकांनाही बायकांची खरी दुखणी कळतात. अमेरिकेत १९७२ मध्ये संसदेने स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती मंजूर केली. ३८ राज्यांची संमती हवी होती, १९८२ च्या मुदतीपर्यंत ३५ वरच अडकली. ती अडवण्यात पुढे होती फिलिस श्लाफ्ली. स्वतः निवडणुका लढवलेली, गावोगाव भाषणं करत फिरणारी ही बाई इतरांना घराचं महत्त्व सांगायची. आम्ही तिला ढोंगी म्हणून हसलो नि मोकळे झालो. पण नवऱ्याने पोसायची जबाबदारी कायद्यातून गेली, तर पन्नाशीतल्या गृहिणीने जायचं कुठे, ही भीती तिने ओळखली होती. आमच्याकडे त्यावर धड उत्तर नव्हतं. आजही फारसं नाही.

आता अहिल्यादेवी. १९३६ मध्ये वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती ही बायकांची हिंदुत्ववादी संघटना काढली, तिने कर्तृत्वाचा आदर्श म्हणून अहिल्यादेवींना मानलं. आपल्या सोलापूरच्या विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. पण व्यासपीठावरून घाट नि देवळंच ऐकू येतात. १७६७ ते १७९५ राज्याचा कारभार आणि खजिना या विधवा बाईच्या हातात होता, हे सांगताना आवाज खाली का येतो?

आपल्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. सभेत त्यांना 'घरची लक्ष्मी' म्हणतात. त्या मनात छाटीत, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्यांत, किती विड्या गेल्या ते मोजत असतात. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार धरलं होतं, लक्ष्मी नव्हे. तुमच्या वक्त्या बाईंनी त्या कायद्याचं एकदा जरी नाव घेतलं असेल, तर तारखेसकट कळवा. लेखात दुरुस्ती करते.