काकूच्या तोंडचा ‘व्रात्य’

गेल्या मे महिन्यात आमच्या गुहागरच्या अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं सात वर्षांच्या पुतण्याने सुपासकट विहिरीत ओतली. काकू ओरडली, “अरे व्रात्य कार्ट्या!” तिचं हे नेहमीचंच. पण त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर तो फिरता मेसेज आला आणि वहिनी दोन दिवस काकूशी बोलली नाही.

मेसेज म्हणतो: व्रात्य म्हणजे वर्णसंकरातून, वेगवेगळ्या वर्णांच्या आईबापांपोटी, जन्मलेला, म्हणून मुलाला व्रात्य म्हणणं हा आईचा अपमान. असं म्हटल्याने मूल वाया जातं. आणि इंग्रजीतला ‘ब्रॅट’, म्हणजे द्वाड पोर, हा शब्द आपल्याच व्रात्यवरून आला.

आईला यात ओढलंय, त्याचा मला संताप आहे. मनुस्मृतीचा दुसरा अध्याय उघडा. श्लोक 38 मध्ये मुंजीची शेवटची मुदत दिली आहे: ब्राह्मणाला 16 वर्षं, क्षत्रियाला 22, वैश्याला 24. श्लोक 39 सांगतो, ही मुदत टळली की तो व्रात्य. म्हणजे मुंज राहिलेला मुलगा. यात आईचा संबंध आला कुठे? मुंज नाही म्हणजे वळण नाही, आणि वळण नाही तो खोड्या करणार, अशा वाटेने शब्द आपल्या ओसरीवर आला. आज ज्यांच्यात मुंज नसतेच, त्या घरांतही तो सर्रास ऐकू येतो.

वर्णसंकराचं वाक्य बौधायन धर्मसूत्रात आहे, हे नाइलाजाने मान्य करते. पण त्याच्याही आधीच्या अथर्ववेदाचं अख्खं पंधरावं कांड व्रात्याच्या गौरवाचं आहे. जाणता व्रात्य दारी आला तर यजमानाने स्वतः उठून सामोरं जावं आणि विचारावं, “व्रात्या, कुठे मुक्काम केलास? व्रात्या, हे पाणी घे.” आपण पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवतो, तसंच. हे मेसेजवाल्याने का गाळलं?

‘ब्रॅट’चं थोडक्यात. त्याचं मूळ नक्की ठरलेलं नाही. जाणकार बोट दाखवतात ते अंगावर घ्यायच्या जाड्याभरड्या वस्त्राच्या जुन्या शब्दाकडे. नुसत्या उच्चाराच्या सारखेपणावर नाती जुळत नाहीत.

आणि मूल वाया जाण्याचं म्हणाल, तर याच काकूने माझ्या भावाला, म्हणजे या पोराच्या बापाला, बारावीपर्यंत व्रात्य म्हटलं. वहिनी, तुझा संसार त्याच्याशीच चाललाय ना?

सोलं पुन्हा वाळत घातली आहेत. काकू, सूप जरा उंचावर ठेव.